ऑफिसकडून धड खुर्ची-टेबल कसं मिळवायचं?

इंचभर_कमी | ८ जानेवारी २०२६, रात्री ११:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज पोळी लाटताना उजव्या हाताची बोटं बधिर झाली आणि लाटणं सुटून ओट्यावरून खाली गेलं, तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

पुण्यात खराडीला नोकरी. काम विम्याचे दावे तपासण्याचं. एका बाजूला हॉस्पिटलची स्कॅन केलेली बिलं, दुसऱ्या बाजूला एक्सेल, दिवसाला साडेआठ-नऊ तास. वय ३६, उंची ४ फूट ११ इंच (आयडी त्यावरूनच). दिवाळीपर्यंत आमचं स्वतःचं ऑफिस होतं. ते सोडून कंपनीने एका को-वर्किंग इमारतीत मजला भाड्याने घेतला. आता कुणाची जागा ठरलेली नाही, जो आधी येईल तो खिडकीपाशी. मॉनिटर गेले, १४ इंची लॅपटॉप तेवढा उरला. खांदे, मान आणि उजव्या हाताची बोटं तेव्हापासून बोलायला लागली आहेत.

मी तीनदा 'अर्गोनॉमिक खुर्ची' मागितली. पहिल्यांदा तोंडी, मग चॅटवर, मग सगळ्यांच्या मीटिंगमध्ये. उत्तरं अनुक्रमे: 'बजेट नाही', 'सगळ्यांना तीच खुर्ची आहे', 'खुर्च्या आपल्या नाहीत, बिल्डिंगवाल्यांच्या आहेत.' मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणून वापरतेय, काडीचा फरक नाही.

विचारायचं हे की मालकाने हे द्यायलाच हवं असा काही कायदा आहे का? आणि मार्चमध्ये अप्रेझल असताना 'हिची सारखी तक्रार' असा शिक्का न बसता मागायचं कसं?

चिंगी_०७ | ८ जानेवारी, रात्री ११:४०

वाचतेय. आमच्याकडेही हेच रडगाणं.

जुना_टंकलेखक | ९ जानेवारी, सकाळी ६:०५

राग मानू नका, पण आम्ही ३२ वर्षं रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर काढली. लोखंडी खुर्ची, वर घरून आणलेली उशी. मराठी मिनिटाला ४० शब्दांच्या वेगाने, वर कार्बनच्या चार प्रती, म्हणजे प्रत्येक अक्षर ठोकून. मान धरली नाही की बोटं बधिर झाली नाहीत. हल्ली जरा काही झालं की खुर्ची बदला.

मधली_सुट्टी | ९ जानेवारी, सकाळी ९:२०

काका, तुम्हाला ओळ संपली की दांडा ढकलायला हात उचलावा लागत होता. कागद बदलायचा, कार्बन लावायचा, फाइल आणायला उठायचं. आमचा कागद संपतच नाही. चहासुद्धा जागेवर येतो.

बे_एरिया_बंडू | ९ जानेवारी, सकाळी ९:५८

कार्पल टनेल आहे हे. माझ्या मॅनेजरला झालं होतं, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. उभं राहून काम करायचं टेबल माग.

चिंगी_०७ | ९ जानेवारी, सकाळी १०:१५

तिला बसायची खुर्ची मिळत नाही, तू उभ्याचं टेबल माग म्हणतोस!

फिजिओवाली | ९ जानेवारी, दुपारी २:३३

बंडू, इतक्या झटपट निदान आम्हीही करत नाही.

इंचभर, नेमकी कोणती बोटं? अंगठा, तर्जनी, मधलं की अनामिका आणि करंगळी? पट्टा मनगटाचा घेतलास म्हणून विचारते. दुसरं, काम करताना कोपर कुठे असतं? उद्या एखाद्या मैत्रिणीला बाजूने फोटो काढायला सांग. पोज द्यायची नाही, दुपारी चारला जशी बसली असशील तशी.

इंचभर_कमी | ९ जानेवारी, रात्री ९:०१

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट! कुणी विचारलंच नव्हतं. फोटो पाहून मीच दचकले. खांदे कानाला टेकलेत, दोन्ही कोपरं टेबलाच्या कडेवर आणि पाय खुर्चीच्या चाकांवर. फोटो इथे टाकत नाही, मागे ऑफिस दिसतंय.

फिजिओवाली | ९ जानेवारी, रात्री १०:१७

मग मनगटाच्या पट्ट्याने फरक पडेलच कसा. कार्पल टनेलमध्ये मनगटातली मीडियन नस दबते आणि अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते. करंगळी त्यातून सुटते. (त्याचंही सगळं खापर कीबोर्डवर फोडू नये. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, सगळं बघावं लागतं.)

करंगळीची नस वेगळी, अल्नार. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ती. कोपराच्या आतल्या बाजूला ती अगदी कातडीखाली असते. तू तिला रोज नऊ तास टेबलाच्या कडेवर घासतेयस. मानेतूनही असंच होऊ शकतं, म्हणून ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखव. लाटणं सुटलं म्हणालीस, ते मला आवडलेलं नाही. पकड कमी वाटली किंवा अंगठा-तर्जनीच्या मधला मांसल भाग खोलगट दिसायला लागला तर अजिबात थांबू नकोस.

तोवर कोपर कडेवर टेकवायचं नाही, फोनवर बोलताना हात दुमडून धरायचा नाही, आणि झोपताना कोपराभोवती एक टॉवेल सैलसर गुंडाळायचा म्हणजे रात्रभर ते मुडपून राहत नाही.

माझा प्रश्न मात्र दुसराच आहे. तू कोपर कडेवर ठेवतेसच का? खुर्ची वाईट म्हणून, की टेबल उंच म्हणून?

जुना_टंकलेखक | १० जानेवारी, सकाळी ६:२०

हे वाचून एक आठवलं. आमच्या कचेरीत टंकलेखकाचं टेबल वेगळं असे. लिहिण्याच्या टेबलापेक्षा चांगलं वीतभर नाही तरी चार बोटं बुटकं. सुतार दोन मापं ठेवायचा, लिहायच्या टेबलाला ३० इंच आणि यंत्राच्या टेबलाला २६-२७. यंत्राची स्वतःची उंची असते म्हणून. पुढे संगणक आले तेव्हा यंत्रं निर्लेखनात (म्हणजे कागदोपत्री बाद करून) गेली आणि त्यांच्याबरोबर ती बुटकी टेबलंही. संगणक सरळ लिहायच्या टेबलांवर मांडले. त्यानंतर निवृत्तीपर्यंतची शेवटची सहा वर्षं माझा खांदा दुखत होता. आजवर मी ते वयावर ढकलत होतो.

फिजिओवाली | १० जानेवारी, सकाळी ८:४५

काका, 🙏. माझ्या अख्ख्या लेक्चरचं काम तुम्ही एका पोस्टीत केलंत.

चिंगी_०७ | १० जानेवारी, सकाळी ८:५१

काकांनी पार्टी बदलली!

मधली_सुट्टी | १० जानेवारी, सकाळी १०:०२

इंचभर, शिंप्याची टेप घेऊन जा आणि चार मापं आण. पाय जमिनीवर सपाट टेकतील अशा बसक्या स्टुलावर बसायचं (जिममध्ये मिळेल). १) बैठकीची उंची. २) हात सैल सोडून कोपर काटकोनात दुमडल्यावर जमिनीपासून कोपर किती. ३) ऑफिसचं टेबल किती. ४) ऑफिसची खुर्ची कुठपासून कुठवर खाली-वर होते.

इंचभर_कमी | १२ जानेवारी, रात्री ८:३०

घ्या मापं. पाय टेकून बैठक ३८ सेमी. कोपर ६० सेमी. टेबल ७५ सेमी. खुर्ची सर्वांत खाली ४३, सर्वांत वर ५०.

म्हणजे माझ्या कोपरात आणि टेबलात १५ सेमीचं अंतर आहे?!

मधली_सुट्टी | १२ जानेवारी, रात्री ९:१५

बरोब्बर. बैठकीपासून तुझं कोपर २२ सेमीवर. खुर्ची खाली ४३ ला ठेवलीस तरी पाय ५ सेमी अधांतरी आणि कोपर ६५ ला, टेबल त्याच्या १० सेमी वर. म्हणून खांदे वर जातात आणि थकले की कोपर कडेवर टेकतं. खुर्ची ५० ला नेलीस तर कोपर ७२, टेबलाच्या जवळपास आलं. पण मग पाय १२ सेमी लोंबकळणार.

आता सांग, तू मागतेस ती ४० हजारांची खुर्ची आणून यातलं काय बदलणार होतं? तीही ४३ च्या आसपासच सुरू होते.

इंचभर_कमी | १२ जानेवारी, रात्री ९:२२

तीन महिने मी चुकीच्या वस्तूसाठी भांडत होते. 🤦‍♀️

फिजिओवाली | १२ जानेवारी, रात्री १०:४०

तू एकटी नाहीस. बाजारात 'अर्गोनॉमिक' हा शब्द खुर्चीच्याच गळ्यात बांधलाय, त्यामुळे दुखलं की सगळे खुर्ची मागतात. आपल्याकडे सर्रास मिळणारं टेबल ७५ सेमीच्या आसपासचं. पाच फुटांच्या बाईला ते ओट्यासारखं वाटणारच. उंच पुरुषांना उलटा त्रास, ते लॅपटॉपवर वाकतात.

तुला लागणार आहे: पायाखाली १२ सेमीचा आधार, वेगळा कीबोर्ड-माउस आणि लॅपटॉप उचलायला स्टँड. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना चिकटलेल्या असतात. कळा सोयीच्या ठेवल्या तर मान खाली, पडदा सोयीचा केला तर हात वर. त्यामुळे दिवसभराच्या कामाला दोन्ही वेगळे केल्याशिवाय गत्यंतर नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर. कीबोर्ड पोटाशी ओढून घे, म्हणजे कोपरं अंगालगत राहतील.

आणि हे सगळं आदर्श जमलं तरी अर्ध्या तासाने उठायचंच.

टेम्सकाठी | १३ जानेवारी, पहाटे ३:१०

पडद्याच्या उंचीला एक पुरवणी. इथे ब्रिटनमध्ये मी रुजू झाले त्या आठवड्यातच एक फॉर्म भरायला आला: खुर्ची, टेबल, पडदा, उजेड, चकाकी, पायांना जागा. नंतर एक बाई येऊन मला बसलेली बघून गेली. १९९२ चे डिस्प्ले स्क्रीन इक्विपमेंट नियम आहेत, युरोपच्या १९९० च्या निर्देशावरून आलेले. रोज सलग तासभर किंवा जास्त स्क्रीनवर काम करणाऱ्याची बसण्याची जागा मालकाने तपासलीच पाहिजे, मधे विश्रांती मिळेल असं काम आखलं पाहिजे, मागितली तर डोळ्यांच्या तपासणीचे पैसे दिले पाहिजेत. घरून काम करणारे आणि रोज जागा बदलणारेही त्यात येतात.

माझी मान दुखायची. मला वाटलं पडदा खाली आहे, म्हणून मीच तो पुस्तकांवर चढवला होता. ती बाई म्हणाली, चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे ना? जवळचं बघायला तू काचेच्या खालच्या भागातून बघतेस, त्यासाठी हनुवटी वर करतेस. पडदा पुस्तकांवरून उतरवला, आठवड्यात मान सुटली. खर्च शून्य. चाळिशी ओलांडलेल्यांनी 'डोळ्याच्या पातळीला' हा सल्ला चष्म्यासकट तपासून घ्यावा.

बे_एरिया_बंडू | १३ जानेवारी, सकाळी ७:४४

अमेरिकेत असा नियम नाही. म्हणजे झाला होता, नोव्हेंबर २००० मध्ये, आणि मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्दही केला. आता 'कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवा' एवढं सर्वसाधारण कलम आहे. पण १९९० चा अपंगत्वाचा कायदा १५ आणि त्याहून जास्त नोकर असलेल्यांना लागू आहे. 'रीझनेबल अकोमोडेशन' (वाजवी सोय) हे दोन शब्द मेलमध्ये आले की एचआर खुर्चीत सरळ बसतं.

(कार्पल टनेलबद्दल शब्द मागे घेतो.)

एचआर_पण_माणूस | १३ जानेवारी, दुपारी १:०५

गेली १४ वर्षं एचआरमध्ये आहे, दगड मारायचे तर आधी पूर्ण वाचून मग मारा.

कायद्याचं आधी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षितता मालकाने बघायची आहे. स्वच्छता, उजेड, वायुवीजन वगैरे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मालकाचं पहिलंच कर्तव्य असं की कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची. टेम्सकाठीताईंच्या फॉर्मसारखं बारीक काम त्यात नाही, पण पायाला जमीन मिळाली. तरी पहिल्या मेलमध्ये कलम टाकू नका. कलम दिसलं की मेल लीगलकडे जातो आणि लीगलकडे गेलेली खुर्ची मी तरी परत आलेली पाहिली नाही.

आता आतली गोष्ट. तुम्ही म्हणता 'कंपनी देत नाही'. कंपनी म्हणजे तीन खिसे. कीबोर्ड, माउस, स्टँड, मॉनिटर हे आयटीच्या खिशातलं. बहुतेक ठिकाणी जुने कीबोर्ड कपाटात पडलेले असतात आणि एका तिकिटावर मिळतात. फूटरेस्ट अ‍ॅडमिनच्या किरकोळ खर्चातलं, त्याला वर कुणाची सही लागत नाही. खुर्ची मात्र भांडवली खर्च. ती तुम्हाला दिली तर 'मग मला का नाही' म्हणून उद्या चाळीस जण उभे. म्हणून तुम्ही 'खुर्ची' म्हटलंत की आमच्या तोंडून 'बजेट नाही' आपोआप निघतं. हे खरं आहे, चांगलं आहे असं म्हणत नाही.

तिसरं, तोंडी मागू नका. तोंडी मागितलेलं कुणाच्याच टेबलावर नसतं.

इंचभर_कमी | १३ जानेवारी, रात्री १०:५०

मसुदा केलाय, बघा:

'आदरणीय सर, गेल्या तीन महिन्यांपासून मला असह्य वेदना होत असून वारंवार विनंती करूनही दखल घेतली गेलेली नाही. आपल्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या आरोग्याला महत्त्व दिले जाते असे आपण नेहमी म्हणतो. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करून…'

एचआर_पण_माणूस | १३ जानेवारी, रात्री ११:२०

हा मेल वाचून मला वाईट वाटेल आणि मी काहीही करणार नाही. करायचं काय ते त्यात कुठे आहे? शिवाय 'वारंवार विनंती करूनही' वाचलं की समोरचा आधी स्वतःचा बचाव शोधायला लागतो.

असं लिहा:

'माझं काम रोज सुमारे ८ तास स्क्रीनवर असतं. सध्याचं टेबल ७५ सेमी उंच आहे, बसल्यावर माझं कोपर ६० सेमीवर येतं. खुर्ची पूर्ण वर घेतली तर हात टेबलाशी जुळतात पण पाय जमिनीपासून १२ सेमी वर राहतात. ऑक्टोबरपासून उजव्या हाताला बधिरता आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. मला पुढील गोष्टी हव्यात: १) १२ सेमीपर्यंत उंच होणारं फूटरेस्ट (अ‍ॅडमिन), २) कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉप स्टँड (आयटी), ३) हे सामान रोज हलवावं लागू नये म्हणून ठरलेली जागा (मॅनेजर). शुक्रवार, ३० जानेवारीपर्यंत कळवावं. तोपर्यंत फूटरेस्ट मी घरून आणते आहे.'

मॅनेजरला पाठवा, अ‍ॅडमिन, आयटी आणि एचआर सीसीमध्ये. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. अ‍ॅडमिनला घरची वस्तू ऑफिसात आलेली बघवत नाही.

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर हवं आणि त्यात गरज लिहिलेली हवी: 'कोपराला टेकू नको, पायांना आधार हवा, तासातून दोनदा उठणं आवश्यक.' तपासण्यांचे रिपोर्ट जोडू नका. तुमच्या नसांचा आलेख अख्ख्या सीसीने बघायची गरज नाही.

नस्तीबहाद्दर | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

तिळगूळ घ्या. सुट्टी नाही, ऑफिसातूनच लिहितोय.

तुमच्याकडे तीन खिसे, आमच्याकडे एकच, पण त्याला सतरा बटणं. सरकारी कार्यालयात खुर्ची पदानुसार मिळते, पाठीनुसार नाही. उंच पाठीची साहेबाला, त्यावर टॉवेल. दिवसभर टंकन करणाऱ्याला बिनहाताची. साहेब आपल्या खुर्चीवर तासभर बसतात, बाकी वेळ दौरा.

२०२३ मध्ये मी आमच्या शाखेतल्या तिघांसाठी टिपणी टाकली. शेरा आला 'चर्चा करावी.' चर्चा केली. शेरा आला 'तपासून सादर करावे.' तपासून सादर केली. मग लेखा शाखेने विचारलं की डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) या शाखेत ११ खुर्च्या दिसतात, मग नवीन कशासाठी? त्या ११ पैकी ७ जिन्याखाली मोडून पडलेल्या. पण कागदावर त्या धडधाकट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आधी मोडक्या मारायला हव्यात. निर्लेखनाचा प्रस्ताव केला, समितीने जिन्याखाली जाऊन पाहणी केली, ७ खुर्च्या कागदावर मेल्या, आणि मग नव्या तीन जन्माला आल्या. वेळ अकरा महिने.

धागाकर्तीला उपयोगी एवढंच: मागणी जानेवारीत टाका. ३१ मार्चला अनुदान परत जायला नको म्हणून फेब्रुवारीत सगळे खर्च शोधत असतात. खाजगीतही आर्थिक वर्ष तेच आहे.

मधली_सुट्टी | १४ जानेवारी, दुपारी १२:१०

'७ खुर्च्या कागदावर मेल्या' 😂

कंत्राटी_कळफलक | १४ जानेवारी, रात्री ९:४०

वाचून बरं वाटलं आणि वाईटही. मी एका सरकारी कार्यालयात डाटा एंट्री ऑपरेटर, एजन्सीमार्फत. दिवसाला २०० च्या वर नोंदी. बसायला प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची, लग्नात असते ती. ऑफिस म्हणतं एजन्सीला सांगा, एजन्सी म्हणते जागा ऑफिसची आहे. मी मेल कुणाला करू?

एचआर_पण_माणूस | १४ जानेवारी, रात्री १०:३२

तुमच्या बाबतीत मी कलम दाखवा म्हणेन. त्याच संहितेत कंत्राटी कामगारांच्या कल्याणाच्या सोयी ही प्रिन्सिपल एम्प्लॉयरची, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालतं त्याची जबाबदारी ठरवली आहे. पण एकट्याने सही करू नका. किती जण आहात?

कंत्राटी_कळफलक | १४ जानेवारी, रात्री १०:४१

नऊ. सहा जणांची मुदत मार्चला संपते. त्यामुळे सही तीनच जण करतील.

नस्तीबहाद्दर | १४ जानेवारी, रात्री ११:०५

सही नकोच मग. तुमच्या शाखेच्या कारकुनाला गाठा, टिपणी त्याच्या नावाने जाऊ द्या: 'शाखेतील संगणक कक्षाकरिता खुर्च्या उपलब्ध करून देणेबाबत.' माणसांचा उल्लेखच नको, कक्षाचा करा. कक्षाची मुदत संपत नाही. आणि तोवर कुठल्याही सरकारी इमारतीच्या जिन्याखाली बघा, दोन-तीन खुर्च्यांना फक्त चाक नसतं. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

साडीवाली_लेक | १५ जानेवारी, दुपारी ४:००

थोडं विषयांतर. माझी आई २२ वर्षं साड्यांच्या दुकानात उभी होती. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, मालकाला ते बरं दिसत नसे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या लोकांना बसायचा हक्क कायद्याने दिला, त्याची बातमी मी तिला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, 'म्हणजे त्याला पण कायदा लागला?' आणि पायाला तेल लावत बसली. तुमच्या मापांच्या गप्पा वाचताना ते आठवलं. चालू द्या.

संपादक मंडळ | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

दोन प्रतिसादांत कंपन्यांची नावं होती, ती काढली आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत.

इंचभर_कमी | २१ जानेवारी, रात्री ९:४५

अपडेट. डॉक्टरांना दाखवलं. कोपराशीच नस दबतेय, अजून सुरुवात आहे, मानेत काही नाही. पत्र त्यांनी हवं तसं दिलं. सोमवारी मेल टाकला, एचआरदादांनी लिहिला तोच जवळजवळ.

पण खरी मजा वेगळीच. 'तोपर्यंत घरून आणते' असं लिहिलं होतं ना, म्हणून मंगळवारी खरंच देवघरासमोरचा पाट घेऊन गेले. सागवानी, आजीचा, पितळी फुल्या ठोकलेला, ७ सेमी उंच. त्यावर ए-फोरचं एक रीम, ५ सेमी. झाले १२. बिल्डिंगच्या गेटवर सिक्युरिटीने अडवलं, 'मॅडम, ये क्या है?' म्हटलं, पाट. रजिस्टरमध्ये इनवर्ड नोंद करावी लागली: 'वुडन पाट, नग १'. मागे रांग लागली होती. एकाने विचारलं, आज ऑफिसात पूजा आहे का?

दिवसभर पाय टेकून बसले. खांदे खाली आले. इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं, थोडा रागच आला.

फिजिओवाली | २१ जानेवारी, रात्री १०:१५

रीम सरकतं, पाटाला बांध नाहीतर घसरशील. कोपर?

इंचभर_कमी | २१ जानेवारी, रात्री १०:२०

कडेवर नेलं की शेजारची स्टेपलरने टोचते, तसं ठरवलंय.

आजीचा_नातू | २२ जानेवारी, सकाळी ७:३०

पाटावर पाय ठेवून बसता? आमच्या आजीने धाग्यालाच सोवळ्यात घेतलं असतं.

इंचभर_कमी | २२ जानेवारी, सकाळी ८:०२

माझ्या आईनेही हेच सुनावलं. आजी मात्र याच पाटावर बसून जात्यावर दळायची, असं तीच सांगते. म्हटलं, म्हणजे तोही कामाचाच होता.

मधली_सुट्टी | ३१ जानेवारी, सकाळी १०:००

३० तारीख गेली. काय झालं?

इंचभर_कमी | २७ फेब्रुवारी, रात्री ८:५५

उशीर झाला, क्षमस्व.

आयटीने तिसऱ्याच दिवशी कीबोर्ड, माउस आणि स्टँड दिला. कपाटात पडलेलाच होता, कीबोर्डवर कुणाच्या तरी नावाचा स्टिकर आहे. फूटरेस्टसाठी अ‍ॅडमिनचा माणूस स्वतः टेप घेऊन आला. माझं बघून बाकीच्या बायकांनी पण मापं घेतली, तर आमच्या टीममधल्या ११ पैकी ७ जणींचे पाय अधांतरी! त्याने एकदम आठ मागवले. एक आमच्या मॅनेजरबाईंसाठी, त्या उंच टाचा घालतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ठरलेली जागा मात्र पूर्ण मिळाली नाही. सोमवार ते गुरुवार आहे, शुक्रवारी दुसरी टीम येते तेव्हा सगळं लॉकरमध्ये. कीबोर्ड ठेवायला टेबलाखाली सरकता ट्रे लावून द्यायची अ‍ॅडमिनची तयारी होती, म्हणजे खुर्ची थोडी खाली घेता आली असती, पण टेबल बिल्डिंगवाल्यांचं, त्याला स्क्रू मारायची परवानगी नाही. तो मेल त्यांच्याकडे तीन आठवडे पडून आहे. बधिरपणा अर्ध्यावर आलाय. सकाळी नसतो, संध्याकाळी पाचनंतर येतो. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

अप्रेझलचं अजून कळायचंय.

कंत्राटी_कळफलक | २७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. आमची टिपणी कक्षाच्या नावाने गेली. शेरा आलाय: 'चर्चा करावी.'

नस्तीबहाद्दर | २७ फेब्रुवारी, रात्री ९:३४

म्हणजे चालू पडली. 'नस्तीबद्ध' (म्हणजे फाइलला लावून विषय बंद) आला असता तर काळजी.

चिंगी_०७ | २७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पाट घरी नेलास का?

इंचभर_कमी | २७ फेब्रुवारी, रात्री ९:५८

नेत होते. गेटवर म्हणाले, इनवर्ड नोंद आहे तर आउटवर्डला अ‍ॅडमिनची सही लागेल. सही करणारा माणूस सोमवारपर्यंत रजेवर आहे. पाट सध्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये आहे, जाताना बघितलं तर रात्रपाळीवाल्या काकांनी त्यावर पाय ठेवले होते.